नवं लग्न, मुंबईतलं घर आणि पहिल्या वर्षाचे सण: कसं जमवायचं

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात प्रत्येक सणाला 'पहिला' हे विशेषण चिकटतं. पहिली मंगळागौर, पहिले गणपती, पहिला दिवाळसण, पहिली संक्रांत. दोन्हीकडच्या आया, आत्या, माम्या त्याची वाट बघत असतात. आणि तुम्ही दोघं बदलापूर नाहीतर नालासोपाऱ्याच्या वन बीएचकेत, दोघांच्या दोन नोकऱ्या, वर्षाच्या मोजक्या रजा आणि रोजचा लोकलचा प्रवास. मुंबईत नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. नवरा मुंबईचा आणि बायको नगरची, बायको गिरगावातली आणि नवरा सावंतवाडीचा, किंवा दोघंही बाहेरून आलेले, सगळ्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळे सण साग्रसंगीत करायचा हट्ट धरलात तर वर्षाच्या शेवटी बायको दमलेली, नवरा भांबावलेला आणि दोन्ही घरं नाराज, असं होतं. चार-पाच सण निवडा, ते दोघांनी मिळून करा, बाकीच्यांना देवापुढे दिवा, गोडाचा एक पदार्थ आणि दोन्ही घरी फोन एवढं पुरतं.

पहिली पायरी: भिंतीवर कॅलेंडर

मोबाईलमध्ये सगळं असतं, तरीही कालनिर्णय विकत आणा आणि स्वयंपाकघरात टांगा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं आणि मराठी घराची भिंत त्याने कायमची धरली, याला कारण आहे. तिथी, सुट्टी आणि मागच्या बाजूला दुधाचा हिशेब, सगळं एका जागी दिसतं. दोन रंगांची पेनं घ्या. एका रंगाने सासरचे कुळाचार, दुसऱ्याने माहेरचे. दोन्ही रंग एकाच तारखेवर आले की तिथे वाद आहे हे सहा महिने आधी कळतं.

ही यादी दोघांनी आपापल्या आईला फोन करून भरायची. "आपल्याकडे काय काय असतं?" एवढंच विचारा आणि लिहून घ्या. कुळधर्म, नवरात्राचा घट, खंडोबाची तळी, बोडण, चंपाषष्ठी, गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, नैवेद्य गोडाचा की तिखटाचा. कोकणात बऱ्याच घरांत गौरीला मटणाचा नैवेद्य असतो आणि घाटावरच्या सुनेला ते पहिल्यांदा ऐकून धक्का बसतो. तो धक्का ऐन सणात बसण्यापेक्षा फोनवर बसलेला बरा.

एक गोष्ट कॅलेंडरात नक्की बघा, अधिक महिना. साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. तुमच्या पहिल्या वर्षात तो आला तर जावयाला धोंड्याचं वाण असतं, म्हणजे ३३ अनारसे किंवा बत्तासे, ताम्हण, दिवा आणि जेवण. शिवाय त्या वर्षी पुढचे सगळे सण उशिरा सरकतात, म्हणजे रजेचं गणित बदलतं.

रजेबद्दल एकच. गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन बहुतेक ऑफिसांना असतं. मंगळागौर, गौरीपूजन, संक्रांत यांना खासगी कंपनीत सहसा नसतं. वर्षाच्या सुरुवातीला ऑफिसची सुट्ट्यांची यादी निघते, त्याच दिवशी कॅलेंडरवर खुणा करा.

दुसरी पायरी: आधी दोघांत ठरवा, मग घरी सांगा

हा क्रम उलटा झाला की बिनसतं. नवऱ्याने आईला परस्पर "हो, आम्ही येतो" म्हटलं आणि बायकोने तिकडे आपल्या बाबांना तेच म्हटलेलं असलं, तर दिवाळीचा फराळ गोड लागत नाही.

नियम सोपा ठेवा. जे ठरलं ते ज्याच्या घरचं आहे त्याने आपल्या घरी सांगायचं. सासूबाईंना 'नाही' सुनेने कळवायचं नाही, ते मुलाचं काम. जावयाने सासऱ्यांना कळवायचं नाही, ते लेकीचं काम. आणि सांगताना नुसता नकार नको, सोबत पर्याय हवा.

"आई, यंदा लक्ष्मीपूजनापर्यंत आम्ही इथेच आहोत. पाडव्याला सकाळी हिच्या घरी निघतो, नाशिकला. तुळशीच्या लग्नाला मात्र दोघंही तुझ्याकडे, दोन दिवस राहायला."

"अरे पण भाऊबीजेला ताई येणार ना आपल्याकडे?"

"मी ताईशी बोललो. ती पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी येते आहे, मला तेव्हाच ओवाळेल."

हा भाऊबीजेचा पेच प्रत्येक घरात आहे. सुनेला भावाकडे जायचं असतं त्याच दिवशी नणंद माहेरी येते. आईला वाटतं घरात सून हवी, सुनेला वाटतं माझाही भाऊ वाट बघतो आहे. दोघींचंही बरोबर. सगळे मुंबईतच असतील तर सोपं आहे: सकाळी घरी नणंदेचं औक्षण आणि जेवण, चार वाजता निघून संध्याकाळी माहेरी. दिवाळीच्या सुट्ट्यांत लोकल बऱ्याचदा रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, म्हणून अर्धा तास जास्त धरा. माहेर गावी असेल तर एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, आणि हे पहिल्याच वर्षी उघड बोलून घ्या.

तिसरी पायरी: तिकिटं

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं, त्यामुळे घरातली मोठी माणसं अजून "चार महिने आधी काढ" सांगतात. गणपतीत कोकणात जायचं असेल तर ६० दिवस मागे मोजून ती तारीख कॅलेंडरवर लाल करा आणि सकाळी आठ वाजता दोघांनी दोन मोबाईल घेऊन बसा. चाकरमान्यांच्या गाड्या मिनिटांत भरतात. हुकलं तर रेल्वे गणपतीसाठी जादा गाड्या सोडते, त्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवा. तात्काळ आरक्षण आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला, बाकीच्यांसाठी अकराला, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

एसटी विसरू नका. गणपतीत मुंबई, ठाणे, पालघरमधून कोकणासाठी जादा गाड्या सुटतात आणि गावची मंडळी एकत्र आली तर अख्खी गाडी आरक्षित करता येते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. स्वतःची गाडी काढणार असाल तर चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर निघू नका. दोन दिवस आधी निघा, किंवा निघूच नका.

श्रावण आणि मंगळागौर

मे महिन्यात लग्न झालेल्यांचं सणवर्ष इथून सुरू होतं. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर, लग्नानंतर पाच वर्षं. पूजेला सोळा प्रकारची पत्री लागते. मुंबईत ती शोधत बसू नका, दादरच्या फुलबाजारात श्रावणात बांधलेला जुडा मिळतो. अडचण वाराची आहे. मंगळवारी सकाळी पूजा आणि रात्री जागरण, मग बुधवारी ऑफिस कसं गाठणार? म्हणून हल्ली पूजा मंगळवारी सकाळी घरीच उरकतात आणि खेळ शनिवारी-रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये ठेवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या, किस बाई किस, सासू-सुनेचं भांडण हे सगळं खेळणारे बायकांचे गट मुंबईत भरपूर आहेत आणि ते मानधन घेऊन येतात. पण नुसते त्यांचे खेळ बघत बसलात तर तो कार्यक्रम होतो, मंगळागौर होत नाही. अर्धा वेळ त्यांचा, अर्धा घरच्या बायकांचा ठेवा. साठीच्या मावश्यांना फुगडी घालताना बघितलंत की पैसे वसूल.

खालच्या मजल्यावर आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे का, हे आधी विचारून या. वीस बायकांचा झिम्मा खाली फार वाजतो. भाजणीचे वडे, मटकीची उसळ, मुगाची खिचडी हा ठरलेला बेत आहे आणि घरगुती डबे करणाऱ्या बायका तो ऑर्डरने देतात.

गणपती

सासरी गावाला गणपती असेल तर प्रश्नच नाही, बॅग भरा. कोकणातल्या नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो, सुपं भरून गौरीला दाखवायची आणि मोठ्यांच्या पाया पडून वाण द्यायचं. सुपं किती, त्यात फळं कोणती, पहिला ओवसा कोणत्या वर्षी भरायचा, हे गावागणिक बदलतं. सासूबाईंना किंवा मोठ्या जावेला विचारा. "वहिनी, आपल्याकडे कसं करतात?" या एका प्रश्नाने अर्धं काम होतं आणि जाऊबाईही खूश.

मुंबईच्या घरी नव्याने गणपती आणायचा विचार असेल तर दोन्हीकडच्या थोरांशी आधी बोला. मूळ घरी गणपती असताना वेगळा आणावा की नाही याबद्दल प्रत्येक घराचं मत पक्कं असतं. आणायचं ठरलं तर दीड दिवसाचा आणा. दोन नोकऱ्यांत पाच दिवस पूजा, नैवेद्य आणि येणारी-जाणारी सांभाळणं पहिल्याच वर्षी कठीण जातं.

मूर्ती महिनाभर आधी सांगून ठेवा. लालबाग, परळ, गिरगाव, दादर इथे चित्रशाळा असतात, आणि पेणहून आलेल्या मूर्तींचे मांडव तर उपनगरात जागोजागी लागतात. शाडूची घ्या, फूटभर पुरे. शाडू जड आणि ठिसूळ असते, त्यामुळे आणायला दोन माणसं आणि टॅक्सी-रिक्षा हवी, दुचाकीवर आणू नका. पाट घरून न्या, मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाका, धरणाऱ्याच्या डोक्यावर टोपी. दारात आलं की धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग आत घ्यायचं. लिफ्ट असेल तर लिफ्टने आणा, बाप्पाला चालतं.

आता मोदक. बाहेर उत्तम मिळतात, तरी पहिल्या वर्षी एकदा घरी करून बघा, कारण दोघांनी मिळून करायला याच्यासारखं काम नाही. एकवीस मोदकांना साधारण दोन वाट्या तांदळाची पिठी आणि दोनच वाट्या पाणी. सारणाला तीन वाट्या खवलेला नारळ आणि दीड वाटी गूळ. नारळ नवऱ्याने खवायचा. पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आली की पिठी एकदम ओतायची, उलथण्याच्या टोकाने ढवळायची, गॅस बारीक करून झाकण ठेवायचं, पाच मिनिटं. मग उकड परातीत काढून हाताला तेल-पाणी लावून गरम असतानाच मळायची. इथेच सगळे चुकतात. गार झाल्यावर मळलं की पारी फाटते. पारी मध्यभागी जरा जाड आणि कडेला पातळ ठेवा, कळ्या दोन बोटांच्या चिमटीत घ्या आणि सगळ्या एका दिशेने वळवत वर नेऊन मिटा. पहिले चार मोदक गाठोड्यासारखे दिसतील, ते तळाला ठेवा. दहा-बारा मिनिटं वाफ पुरते. ओट्यावर दोन माणसं मावत नसतील तर परात जमिनीवर घ्या आणि मांडी घालून बसा. पूर्वी तसंच करायचे.

विसर्जनाला महापालिका दरवर्षी वॉर्डावॉर्डांत कृत्रिम तलाव उभारते. छोटी शाडूची मूर्ती घरी बादलीतही विरघळते आणि ती माती कुंडीत घालता येते. समुद्रावरच न्यायची हौस असेल तर त्या भागात मूर्तीबद्दल आणि प्रवेशाबद्दल यंदाचे नियम काय आहेत ते आधी बघून घ्या, दरवर्षी थोडे बदलतात.

सार्वजनिक गणपती बघायला जोडीने जरूर जा. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून उत्सव आहे आणि तिथली मूर्ती आजही छोटी, साधी असते. सुरुवात तिथून करा. लालबागचा राजा १९३४ पासूनचा, त्याच्या बाजूच्या गणेश गल्लीचा १९२८ पासूनचा. मध्य रेल्वेच्या चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरून हे सगळं पायी होतं. शनिवार-रविवार टाळा, सुरुवातीच्या दिवसांत दुपारी जा. मंगळसूत्र आणि मोबाईल सांभाळा. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

दादरला खरेदी: हे एकदा शिकून घ्या

वर्षभर उपयोगी पडेल म्हणून थोडं सविस्तर. दादर पश्चिमेला उतरलात की पुलाजवळच फुलबाजार आहे. पहाटेपासून सुरू असतो, सातच्या आत पोचलात तर माल ताजा आणि विक्रेत्याला बोलायला सवड असते. झेंडू किलोवर, शेवंती पावावर, मोगरा-अबोलीचे गजरे नगावर. पहिल्याच टोपलीपाशी घेऊ नका, एक फेरी मारून भाव ऐका. झेंडूच्या ढिगात हात घालून खालची फुलं बघा, वरची कोरडी आणि तळाची भिजून काळी पडलेली असतात. भिजवलेल्या फुलांचं वजन जास्त भरतं, हे विक्रेत्यालाही माहीत असतं आणि आता तुम्हालाही. सोबत कापडी पिशवी, सुट्टे पैसे आणि वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव चढतात, तरी गर्दी तेव्हाच. शक्य असेल तर दोन दिवस आधी फुलं घेऊन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवा. आपट्याची पानं म्हणून जी विकतात ती बऱ्याचदा कांचनाची असतात. सोनं म्हणून दिलंत तर कोणी परत करत नाही, पण झाडं ओरबाडून आणलेल्या फांद्यांचे भारे घेण्यापेक्षा दोन पानं पुष्कळ झाली.

फुलं झाली की रानडे रोड आणि छबिलदास गल्ली. पूजेचं साहित्य, रांगोळी, उटणं, रुखवताच्या वस्तू, साड्या, सगळं चालण्याच्या अंतरात. नवरोबांना सोबत घ्या पण साडीच्या दुकानात दोन तास उभं करू नका. त्यांना पूजेच्या सामानाची यादी देऊन दुसऱ्या दुकानात धाडा, काम निम्मं होतं.

दिवाळी

कंदिलासाठी माहीमची कंदील गल्ली बघायलाच हवी. दिवाळीआधीचे दहा-पंधरा दिवस तिथे कागदी, कापडी, बांबूचे कंदील टांगलेले असतात. पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून आणा आणि आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवून मग उन्हात वाळवा, नाहीतर माती तेल पिते. कंदील ग्रिलच्या आत टांगा. बाहेर लोंबकळणारा कंदील वाऱ्याने खालच्याच्या कपड्यांवर जातो आणि मग वर्षभर जिन्यात नजरानजर.

फराळ सगळा घरी करायचा अट्टहास सोडा. लाडू किंवा शंकरपाळ्या असा एकच पदार्थ घरी करा, बाकी बचत गटाच्या किंवा ओळखीच्या बायकांकडून घ्या, त्यांचीही दिवाळी होते. चिवड्यासाठी लालबागची चिवडा गल्ली आहे. ऑर्डर मात्र पंधरा दिवस आधी द्या.

नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान सूर्योदयाआधी. वन बीएचकेत सासू-सासरे आलेले असतील तर चार माणसं, एक न्हाणीघर आणि पालिकेच्या पाण्याची ठरलेली वेळ हे गणित आदल्या रात्री मांडा. पिंप भरून ठेवा, उटणं दुधात किंवा पाण्यात कालवायला वाटी काढून ठेवा, आंघोळीचा क्रम ठरवा. मोठी माणसं आधी.

मग पाडवा, जो खरा नवरा-बायकोचा सण. बायको नवऱ्याला पाटावर बसवून तेल लावते, उटणं लावते आणि ओवाळते. ताम्हणात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आधी कुंकवाचा टिळा, मग अक्षता, मग सुपारी-अंगठीने ओवाळून शेवटी निरांजन. नवरा ताम्हणात ओवाळणी घालतो. माझं म्हणणं, नंतर जागा बदला. नवऱ्यानेही बायकोच्या डोक्याला तेल लावावं, पाठीला उटणं चोळावं. सासूबाई आधी हसतील, मग सासऱ्यांकडे बघतील. ओवाळणी काय घालायची हे गुपित ठेवायचं की आधी बोलायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण कर्जाच्या हप्त्यांच्या वर्षात सोन्याची चेन घातलीत तर बायकोला आनंदापेक्षा काळजीच जास्त होईल. एक चांगली साडी आणि तिच्या आवडीचे दोन दिवाळी अंक असा मेळ मला आवडतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा पाडली आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक हवा ही सवय मराठी माणसाला लागली.

दिवाळसण माहेरी. जावयाला पहिल्या दिवाळीला बोलावून अभ्यंग, जेवण आणि आहेर. जावईबापूंसाठी सूचना: काय हवं विचारलं तर "काही नको" म्हणून संकोचाने गप्प बसू नका, सासऱ्यांची पंचाईत होते. एखादी साधी, परवडणारी वस्तू आधीच बायकोकडून कळवा. आणि जाताना तुम्हीही सासूबाईंसाठी काहीतरी न्या. घेऊन येणारा जावई फार दिवस लक्षात राहतो.

संक्रांत

इथे नव्या जोडप्याची खरी मजा. काळी साडी, तिला हलव्याचे दागिने, त्यालाही हलव्याचा हार, नारळ, आणि हल्ली हलव्याचा मोबाईलसुद्धा. दागिने दादर-गिरगावात तयार मिळतात, पण मापाचे हवे असतील तर डिसेंबरातच सांगा. मुंबईच्या दमट हवेत हलवा पाझरतो आणि मुंग्या लागतात, म्हणून आणल्यावर हवाबंद डब्यात. फोटो आधी काढा, जेवण नंतर, कारण दागिने फार वेळ टिकत नाहीत आणि घरातली पोरं मागून हळूच हलवा काढून खातात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं, त्यामुळे शनिवार-रविवार निवडा. वेळ पाच ते नऊ ठेवा. साडेसातची लोकल पकडून येणाऱ्या बायकाही त्यात बसतात. वाण उपयोगाचं द्या, प्लॅस्टिकचा डबा प्रत्येकीकडे दहा आहेत. विधवा मावशी, घटस्फोटित मैत्रीण, शेजारची अविवाहित ताई यांना तिळगूळ आणि वाण त्याच ताटातून, त्याच जागी बसवून द्या. आपल्या घरचा कार्यक्रम आहे, पायंडा आपणच पाडायचा.

उखाण्याचा आग्रह होणारच. एक तयार ठेवा:

कुर्ल्याला गाडी लेट, दादरला गर्दी फार,
अमुकरावांसोबत मांडला मुंबईत संसार.

नवऱ्यालाही सोडू नका. त्याला आदल्या रात्री पाठ करायला लावा.

गुढीपाडवा आणि वटपौर्णिमा

गुढी फ्लॅटच्या खिडकीत उभारायची तर काठी ग्रिलला दोन ठिकाणी सुतळीने घट्ट बांधा. वरून तांब्या निसटून खाली कुणाच्या डोक्यात जायला नको. साखरेची गाठी, कडुनिंब, आंब्याची डहाळी, रेशमी वस्त्र. सूर्यास्ताआधी उतरवायची, म्हणजे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणीतरी घरी हवं. सकाळी गिरगावची शोभायात्रा किंवा डोंबिवलीची, जवळ असेल ती. श्रीखंडाचा चक्का डेअरीत दोन दिवस आधी सांगा.

वटपौर्णिमेला स्टेशनबाहेर वडाच्या फांद्या विकतात, त्या घेऊ नका. ऑफिसच्या वाटेवर खरं झाड शोधा, मुंबईत वड अजून पुष्कळ आहेत, आणि सकाळी लवकर सूत गुंडाळून या. उपास करायचा की नाही हा तुमचा प्रश्न. नवराही सोबत करणार असेल तर साबुदाणा थोडा जास्त भिजवा.

तुमचे दोघांचे दिवस

कॅलेंडरवर नसलेले दिवस विसरू नका: लग्नाचा वाढदिवस, पहिल्या भेटीची तारीख, पहिला पगार. १४ फेब्रुवारीला हॉटेलांत रांगा आणि ठरावीक महागडे बेत असतात. १३ किंवा १५ला जा, तेच टेबल निवांत मिळतं. घरी माणसं असतील आणि दोघांना बोलायला जागाच नसेल, तर मुंबई त्यासाठीच आहे. शिवाजी पार्कचा कट्टा, मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा बँडस्टँड. शहरातली निम्मी भांडणं आणि समेट तिथेच झालेत. नाटकाची आवड असेल तर महिन्याला एक प्रयोग ठरवून टाका, शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी, जे जवळ पडेल ते. घरी सांगायचं, "आमची तिकिटं काढलेली आहेत." तिकीट काढलेलं असलं की कुणी अडवत नाही.

खर्चाची वही

शेवटी पैशाचं. एक छोटी वही करा. कुणी काय आहेर दिला, आपण काय दिलं, नणंदेला-भावाला ओवाळणी किती. दोन्ही घरांना सारखा हिशेब लावा, तिच्या भावाला आणि त्याच्या बहिणीला एकाच रकमेची पाकिटं. सणांसाठी वेगळं खातं किंवा निदान वेगळा डबा ठेवा आणि दर महिन्याला दोघांनी त्यात सारखं टाका. गणपती ते दिवाळी हा काळ सगळ्यात खर्चाचा, तोवर डब्यात काहीतरी हवं. कामवाली मावशी, वॉचमन, कचरेवाला यांचा दिवाळीचा बोनस त्यातच धरा आणि तो धनत्रयोदशीच्या आधी द्या, म्हणजे त्यांनाही बाजारात जाता येतं.

शेजारून फराळाचा डबा आला की धुऊन रिकामा परत करू नका, त्यात आपलं काहीतरी घाला. निदान चार करंज्या, नाहीतर साखर.